रक्त येणाऱ्या हिरड्या: कारण, क्रम आणि प्रतिबंध

हिरड्यांतून रक्त येऊ लागले की बहुतेक माणसे एकच गोष्ट करतात. तिथला ब्रश हलका करतात किंवा ती जागाच सोडून देतात. बेसिनमधला फेस गुलाबी दिसला की ब्रश कडक असेल, अंगात उष्णता वाढली असेल, व्हिटॅमिन कमी पडत असेल, असे अंदाज बांधले जातात. चार दिवस बोटाने मंजन लावायचे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि रक्त थांबले की विसरून जायचे. या लेखाचा मुद्दा असा की हा उपाय नेमका उलटा आहे. जिथून रक्त येते तिथे सफाई कमी पडते आहे, एवढाच त्या रक्ताचा बहुतेक वेळा अर्थ असतो. ती जागा टाळली की आज पूर्ण बरा होणारा आजार काही वर्षांत बरा न होणाऱ्या टप्प्यात जातो, आणि या सगळ्या काळात दुखत काहीच नाही.

दात आणि हिरडी यांच्यामधली फट

शरीराला आतून-बाहेरून अखंड अस्तर आहे. नखे आणि केस त्या अस्तरातूनच उगवतात, त्याला भोक पाडत नाहीत. ते भेदून बाहेर आलेली कठीण वस्तू एकच, ती म्हणजे दात. त्यामुळे दाताभोवती हिरडी जिथे चिकटते तो सांधा हा शरीराच्या तटबंदीतला कायमचा कच्चा दुवा आहे. दात आणि हिरडीची कड यांच्यामध्ये निरोगी माणसातही एक उथळ खाच असते आणि तिच्यात मापाची सळई १ ते ३ मिलिमीटर उतरते. खाचेच्या तळाशी पेशींचा एक पातळ पट्टा दाताला चिकटून असतो. त्याच्या पेशी सतत झडतात आणि नव्या येतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यातून अखंड बाहेर पाझरत राहतात, म्हणजे पहारा निरोगी हिरडीतही चालूच असतो.

या पट्ट्याच्या खाली खरा आधार आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. झोळीसारखा टांगलेला असतो. मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे वेष्टण असते आणि त्या तंतूंची एक टोके मुळात, दुसरी हाडात रुतलेली असतात. हिरड्यांच्या आजारात अखेर तुटते ते हे वेष्टण आणि झिजते ते हे हाड. दाताला स्वतःला काही झालेले नसते. कीड नसलेला, पांढरास्वच्छ, अख्खा दात हातात येतो तो यामुळेच.

कारणाचा शोध

आजार जुना आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे १५ रोग वेगळे काढलेले आहेत. त्यातल्या ‘शीताद’मध्ये हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या काळ्या पडतात, कुजतात. ‘दंतवेष्ट’मध्ये पू आणि रक्त येऊन दात हलू लागतात. आजचा डॉक्टर ज्यांना दोन टप्पे म्हणतो त्यांची ही वर्णने बऱ्यापैकी जुळतात. अमेरिकेत १८७० च्या दशकात जॉन रिग्ज या दंतवैद्याने हिरडीखालचा थर खरवडून काढण्यावर इतका भर दिला की काही काळ हा आजार त्याच्याच नावाने ओळखला जात होता. (भूल देण्याच्या इतिहासातही हाच रिग्ज आहे. १८४४ साली नायट्रस ऑक्साइड हुंगलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याचा दात त्याने उपटला.) आपल्याकडे मात्र ‘पायरिया’ हे नाव घट्ट बसले आणि त्याबरोबर ‘पायरिया म्हणजे आता दात जाणारच’ ही समजूतही.

दातांवरच्या थरात सजीव असतात हे लेव्हेनहूक या डच संशोधकाने १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले होते. त्या पत्रातला एक तपशील आजही उपयोगाचा आहे. तो रोज सकाळी मिठाने दात घासत असे, काडीने कोरत असे, फडक्याने पुसत असे. तरीही दोन दातांच्या मध्ये पांढरट पीठ उरायचे, आणि तेच त्याने भिंगाखाली धरले. दात स्वच्छ ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडातही सफाई कुठे हुकते, हे त्यात नकळत नोंदले गेले.

पण जंतू सापडणे वेगळे आणि त्यांनीच आजार होतो हे सिद्ध होणे वेगळे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिरड्यांचा आजार म्हणजे वयाचा परिणाम, खुराकाचा दोष, चावा नीट न बसणे, अशी अनेक स्पष्टीकरणे शेजारी शेजारी नांदत होती. निकाल लावला तो डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या एका प्रयोगाने. हाराल्ड ल्यो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणे पूर्ण बंद केले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या पूर्ववत झाल्या. खाणे तेच, माणसे तीच, वय तेच. बदलला फक्त थर. कारण एकदा लावून आणि एकदा काढून दाखवण्याइतका स्वच्छ पुरावा वैद्यकात फार क्वचित मिळतो.

यावरून ‘घासले नाही की दात पडतात’ असे सरळ समीकरण मांडावेसे वाटते, आणि ल्योच्याच पुढच्या अभ्यासाने ते मोडले. १९७० मध्ये त्याने श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० तमिळ मजुरांची तपासणी सुरू केली. त्यांना दंतवैद्य ठाऊक नव्हता, ब्रशही नव्हता. पंधरा वर्षांनी चित्र असे दिसले: थर सगळ्यांच्या दातांवर, सूज जवळजवळ सगळ्यांना, पण परिणाम तीन तऱ्हांचे. सुमारे ८ टक्क्यांमध्ये आधार झपाट्याने गेला, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांमध्ये सूज असूनही आजार पुढे सरकलाच नाही. त्या मजुरांच्या दातांना कीड जवळपास नव्हती, हेही लक्षात घेण्यासारखे. कीड आणि हिरड्यांचा आजार या दोन वेगळ्या वाटा आहेत.

मग आजी मशेरी लावून ऐंशीव्या वर्षी शेंगदाणे फोडायची, या घरोघरच्या दाखल्याचे काय? ती आजी त्या ११ टक्क्यांतली असू शकते. नातू कुठल्या गटातला आहे हे तिच्या दातांवरून ठरत नाही.

सुजेपासून हाडापर्यंत

दात घासल्यावर काही तासांतच नवा थर बसू लागतो. दवाखान्यात त्याला प्लाक म्हणतात. तो अन्नाचा चिकटा नव्हे, जंतूंची बांधीव वसाहत आहे, त्यामुळे चूळ भरून जात नाही. घासूनच काढावा लागतो. काढला नाही तर लाळेतले क्षार त्यात उतरून एक-दोन दिवसांतच तो कडक व्हायला लागतो. हेच टार्टर. लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, ते सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त साठते.

थर हिरडीच्या कडेशी टिकला की शरीर प्रतिकार करते. रक्तवाहिन्या रुंदावतात, खाचेचे अस्तर पातळ होऊन जागोजागी सोलवटते, ब्रशचा केस लागला तरी रक्त येते. हा पहिला टप्पा. यात हाडाला धक्का नसतो आणि तो संपूर्ण उलटवता येतो.

दुसरा टप्पा सर्वांना येत नाही, पण ज्यांना येतो त्यांच्यात खाच खोल होते आणि तिचा खिसा बनतो. या पॉकेटच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे, प्रथिनांवर पोसणारे जंतू वाढतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा त्यातला सर्वांत बदनाम. तो संख्येने थोडा असतो. मात्र पहारेकरी पांढऱ्या पेशींचे संदेश बिघडवून सगळ्या वसाहतीचा तोल फिरवतो, असे २०१२ नंतरचे संशोधन मांडते. सुजेतून पाझरणारा द्राव हेच या जंतूंचे खाद्य. म्हणजे जंतूंमुळे सूज आणि सुजेमुळे जंतू, असे चक्र फिरू लागते.

हाड मात्र जंतू खात नाहीत. सुजेच्या रसायनांनी चेतवलेल्या शरीराच्याच हाड विरघळवणाऱ्या पेशी ते काम करतात. संसर्गापासून हाड मागे सरकते, असेही म्हणता येईल. दोन माणसांत सारख्याच थरामुळे वेगळे नुकसान का होते, याचे बरेचसे उत्तर या प्रतिसादाच्या तीव्रतेत आहे, आणि ती काही प्रमाणात आनुवंशिक असते.

आणि दुखत का नाही? कारण पॉकेटचे तोंड उघडे असते. पू साठून दाब वाढत नाही, तो झिरपून जातो. तोंडाला वास येतो, पण तो स्वतःला कळत नाही. खिशाचे तोंड एखाद्या दिवशी बंद झाले तरच गळू होऊन ठणका लागतो. दातांच्या बाबतीत आपण दुखण्याची वाट पाहून दवाखाना गाठतो. किडीला ती सवय काही अंशी चालून जाते. इथे ती पूर्ण फसवते.

मोजमाप

आरशात हिरडी गुलाबी दिसते म्हणून ती निरोगी असे ठरत नाही. खरी तपासणी एका बोथट टोकाच्या, मिलिमीटरच्या खुणा असलेल्या सळईने होते. ती हिरडी आणि दात यांच्यामध्ये अलगद उतरवून डॉक्टर प्रत्येक दाताच्या सहा जागी खोली मोजतात आणि सहायक लिहून घेते: ‘तीन, दोन, तीन, तीन, चार, सहा.’ बत्तीस दात असतील तर १९२ आकडे. तीनपर्यंत ठीक, चारला लक्ष, सहा म्हणजे तिथे ब्रश किंवा दोरा पोचण्याची शक्यता संपली. सोबत क्ष-किरण चित्रात हाडाची पातळी दिसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक वर्गीकरणात नुकसान किती झाले यावरून चार टप्पे आणि ते कोणत्या वेगाने होते आहे यावरून तीन श्रेणी ठरवल्या आहेत. चाळिशीतल्या माणसाला आपली साखर पाठ असते, रक्तदाब पाठ असतो. हे आकडे मात्र बहुतेकांनी कधी काढलेलेच नसतात. माझ्या मते हिरड्यांच्या बाबतीत आपल्याकडची सर्वांत मोठी त्रुटी ही आहे. स्केलिंग, म्हणजे टार्टर काढणे, अनेकदा होते; मोजणी क्वचित होते.

आगीत तेल

मधुमेह हा यातला सर्वांत पक्का दुवा. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार अधिक होतो आणि अधिक वेगाने वाढतो. उलट दिशेनेही परिणाम दिसतो. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची साखर दाखवणारा आकडा) सरासरी ०.४ अंकांच्या आसपास खाली येते, असे अनेक चाचण्यांचे एकत्रित गणित सांगते. २०१३ मधल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत हा फायदा दिसला नव्हता. त्यावर टीका अशी झाली की तिथे हिरड्याच पुरेशा सुधारल्या नव्हत्या. फायदा छोटा आहे, पण आणखी एक गोळी वाढवण्याच्या विचारात असलेल्या रुग्णाला तो छोटा नाही.

तंबाखूचे प्रकरण आपल्याकडे जास्त गुंतागुंतीचे आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. आजार जास्त असतो, पण खूणच पुसली जाते. म्हणून धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांनी रक्त येऊ लागले तर घाबरण्याचे कारण नाही, हिरडी पुन्हा बोलू लागली आहे. आणि मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावत बसायचे, हा कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात असंख्य बायकांचा दिनक्रम आहे. दात घासण्याच्या नावाखाली तो चालतो, त्यामुळे व्यसनात गणलाच जात नाही. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार खरी असते, कारण ती निकोटिनची सवय असते. जिथे तंबाखू रोज टेकते तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा पोचत नाही. गर्भवतीच्या तपासणीत ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. ‘मशेरी लावता का?’ असे विचारावे लागते.

गर्भारपणात संप्रेरकांमुळे तोच थर जास्त सूज आणतो. त्या काळात दात साफ करून घेणे सुरक्षित आहे; मात्र त्यामुळे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे टळतात, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. रक्तदाबाची अम्लोडिपिन, फिटांची फेनिटोइन, मूत्रपिंड बदलल्यावरची सायक्लोस्पोरिन ही औषधे काहींच्या हिरड्या अक्षरशः वाढवतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगावे. अंगावर निळे डाग, नाकातून रक्त किंवा ताप यांच्या सोबतीने हिरड्यांतून रक्त येत असेल तर मात्र दंतवैद्याआधी रक्ततपासणी.

हृदयाचे काय, हे सगळेच विचारतात. जंतूंना रक्तात शिरायला वाट देणाऱ्या, पॉकेटमधल्या सोलवटलेल्या अस्तराचे क्षेत्रफळ तळहाताएवढे असते, असे सर्रास सांगितले जाते; काळजीपूर्वक केलेला अंदाज ८ ते २० चौरस सेंटिमीटरचा आहे, म्हणजे तळहाताहून बराच लहान. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकत्र आढळतात हे खरे; पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट लिहिले. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलच्या भाषणात दातांवर अनेक आजारांचे खापर फोडले, आणि पुढची काही दशके संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून चांगले दात उपटले गेले. दात वाचवण्यासाठी हृदयाची भीती घालण्याची गरज नाही.

उपचार

‘क्लीनिंग केले आणि दात हलायला लागले.’ ही तक्रार थट्टेने उडवण्यासारखी नाही, कारण अनुभव खरा असतो. खालच्या दातांमागे टार्टरची सलग भिंत तयार झालेली असते. ती निघाली की जीभ तिथल्या फटींत शिरते, उघड्या मुळांना आठ-दहा दिवस गार पाणी झोंबते, आणि त्या भिंतीने एकमेकांना धरून ठेवलेले सैल दात सुटे होतात. हाड आधीच गेलेले होते. ते त्या दिवशी जाणवले. थरथरणाऱ्या टोकाचे यंत्र नीट वापरले तर दाताचे आवरण खरवडत नाही. हे समजावून सांगायला डॉक्टरला दोन मिनिटे लागतात, आणि ती न दिल्यामुळे रुग्ण पुन्हा दहा वर्षे फिरकत नाही.

पॉकेट असेल तर हिरडीखालचे मूळही साफ करावे लागते, गरजेनुसार भूल देऊन. त्यानंतर मध्यम पॉकेट सरासरी १ आणि खोल पॉकेट सुमारे २ मिलिमीटरने उथळ होते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजून काही जागी शस्त्रक्रिया ठरते. गेलेले हाड सहसा परत येत नाही, ठरावीक आकाराच्या खड्ड्यांत काही अंशी येते. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, कारण वसाहतीच्या आत औषध नीट पोचत नाही. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश दोन आठवड्यांसाठी चांगले, पण महिनोन्‌महिने वापरले तर दात तपकिरी होतात आणि पॉकेटच्या तळाशी ते पोचतच नाही.

रोजचे काम

ब्रश मऊ असावा आणि त्याचे केस हिरडीच्या कडेकडे तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवून, दोन-तीन दातांपुरते जागच्या जागी हलवावे. चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरने ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडली. आडवे खसाखस घासण्याने दाताचा फुगीर भाग चकाकतो आणि कड तशीच राहते. हुकणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, शेवटच्या दाढेची पाठ, आणि उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या उजव्या सुळ्याचे वळण. थर रंगवणारी गोळी चघळून आरशात एकदा पाहिले की उपदेशाची गरज उरत नाही. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीनेही थर निघतो, काडीचा कुंचला कडेपर्यंत गेला तर. विजेच्या ब्रशने सूज थोडी अधिक कमी होते, पण फरक मोठा नाही.

ब्रश काहीही असो, दोन दातांच्या मध्ये तो पोचत नाही, आणि आजार बहुधा तिथेच सुरू होतो. मटणाचा तंतू अडकला की आपण काडीपेटीची काडी, टाचणी, सेफ्टी पिन असे काहीही घालतो. त्याने तंतू निघतो, थर निघत नाही, उलट हिरडीला जखम होते. फट घट्ट असेल तर दोरा, म्हणजे फ्लॉस. फट उघडी असेल तर तिच्यात किंचित अडून जाईल अशा मापाचा बारीक इंटरडेंटल ब्रश. उघड्या फटींसाठी तो दोऱ्याहून सरस. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल. रोज केले तर आठवड्या-दोन आठवड्यांत थांबते. तरीही चालू राहिले तर तिथे टार्टर किंवा पॉकेट आहे असे धरून दाखवावे.

दर सहा महिन्यांनी सरसकट स्केलिंग करावे का? गंभीर आजार नसलेल्या आणि नियमित तपासणीत असलेल्या प्रौढांमध्ये, केले काय आणि न केले काय, दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडत नाही, असा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कोक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. मात्र तो ज्यांचे टार्टर पंधरा वर्षे निघालेलेच नाही, त्यांना लागू होत नाही. याच्या जोडीला स्वीडनमधल्या कार्लस्टाडचा अभ्यास ठेवावा. १९७२ पासून तिथे अ‍ॅक्सेलसन आणि लिंडे यांनी लोकांना स्वतःचा थर स्वतः ओळखायला आणि काढायला शिकवले, आणि ते शिक्षण ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा दिले. तीस वर्षांत वयोगटांनुसार माणशी सरासरी ०.४ ते १.८ इतकेच दात गेले, आणि तेही मुख्यतः इतर कारणांनी. खुर्चीतली सफाई होतीच. पण भेटीचा मोठा भाग हातात आरसा देऊन शिकवण्यात जायचा. आपल्याकडच्या दवाखान्यात त्या वेळेचे पैसे कोणी आकारत नाही आणि कोणी देतही नाही.

ज्यांच्या आईवडिलांचे किंवा भावंडांचे न किडलेले दात चाळिशीच्या आत हलून पडले, त्यांनी मात्र रक्त येण्याची वाटही पाहू नये. विशी ओलांडताना एकदा सगळ्या दातांची खोली मोजून घ्यावी, क्ष-किरण काढावा आणि तो कागद घरातल्या इतर रिपोर्टांबरोबर फाइलला लावावा. पाच वर्षांनी तुलना करायला तोच लागतो.